भिंतीवरचं बेसिन बदलणं आणि कमोडच्या टाकीची गळती: आधी काय मोजायचं, कुठे काय बसतं

अनघा_ठाणे

बाथरूममधल्या भिंतीवरच्या बेसिनला नळाच्या भोकापासून चीर गेली आहे, ते बदलायचं आहे. इमारत 2003 ची, पाण्याची लाइन जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) आणि भिंतीत गाडलेली. मध्यंतरी जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवल्या आहेत, त्यामुळे अँगल कॉकची (भिंतीतून बेसिनला पाणी देणाऱ्या छोट्या तोटीची) चकती टाइलमध्ये रुतल्यासारखी दिसते. बेसिनचं सांडपाणी पन्हळीच्या प्लास्टिक पाइपने थेट खाली नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या सांडपाण्याच्या भांड्याच्या) जाळीत सोडलेलं आहे.

त्याच बाथरूममध्ये कमोडच्या भांड्यात मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार चालू असते. टाकी सिरॅमिकची, वर दोन बटणं.

दुकानात जाण्याआधी कोणती मापं घ्यायची, कोणते सुटे भाग लागतील, आणि प्लंबर काम करत असताना नेमकं कुठे लक्ष ठेवायचं, हे जाणकारांनी खुलासेवार लिहावं. टाकीचं काम घरी होण्यासारखं असेल तर तेही सांगा.

ओळंबा

अनघाताई, आधी जुन्या बेसिनचा खालून एक स्पष्ट फोटो काढा आणि टेप घेऊन मापं उतरवा. दुकानात वरचा आकार बघून बेसिन निवडलं जातं आणि अडचण नेहमी खालच्या बाजूला येते.

जागेची रुंदी तर घ्याच, पण भिंतीपासून बेसिन पुढे किती येऊ शकतं तेही बघा. दार उघडताना कडेला आपटता कामा नये, आणि समोर उभं राहायला निदान 55 ते 60 सेंमी मोकळे हवेत. मग दोन बोल्टांमधलं मध्य ते मध्य अंतर. नव्या बेसिनचं अंतर तेच निघालं तर भिंतीत नवी भोकं पाडावी लागत नाहीत. जुळत नसेल तर चांगला 4-5 सेंमी फरक असलेलं बरं. एखाद्या सेंटिमीटरचा फरक सर्वात वाईट, कारण नवं भोक जुन्याला खेटून पडतं आणि गुटका (भिंतीत बोल्ट पकडणारी प्लास्टिकची खुंटी) धरत नाही.

जमिनीपासून अँगल कॉकची उंची लिहून घ्या. अर्धं पेडेस्टल (बेसिनखालचे पाइप झाकणारा सिरॅमिकचा भाग) असलेलं बेसिन घेणार असाल तर हे माप फार महत्त्वाचं आहे. अँगल कॉक पेडेस्टलच्या पूर्ण आत तरी आला पाहिजे किंवा पूर्ण बाहेर तरी. पेडेस्टलच्या कडेखाली आला तर ते भिंतीला टेकतच नाही. शेवटी अँगल कॉकपासून नळाच्या शेपटीपर्यंतचं (नळाच्या खालच्या जोडणीच्या टोकापर्यंतचं) अंतर. कनेक्शन पाइप 45 सेंमीचा की 60 चा हे त्यावर ठरतं. पाइप ताणून बसवायचा नाही आणि त्याला तीव्र मोडही येऊ द्यायची नाही. मोड आली की आतली रबरी नळी तिथेच चिरते आणि वरच्या स्टीलच्या जाळीमुळे ते बाहेरून दिसत नाही.

बेसिनवर आयएस 2556 चा (सिरॅमिकच्या सॅनिटरी वस्तूंच्या भारतीय मानकाचा) उल्लेख आहे का पाहा. नंतर कडेवर उभी पाणसळ किंवा सरळ पट्टी ठेवून मागची बाजू सपाट आहे का तपासा. भट्टीत वाकडं झालेलं बेसिन भिंतीला दोन टोकांना टेकतं आणि मधे फट राहते. ते दुकानातच परत करता येतं, भोकं पाडल्यावर नाही.

सोलापुरी_पाणी

जीआयची लाइन 2003 ची आहे म्हणजे अँगल कॉक काढताना सगळ्यात जास्त जपायला हवं. गंजलेल्या पाइपचे आटे पातळ झालेले असतात. पान्याने जोर लावला तर कॉक सुटण्याऐवजी भिंतीतला एल्बोच (पाइपाचा कोपरा) फिरतो किंवा निपल (आट्यांचा छोटा पाइप) आत तुटतं, आणि मग टाइल फोडण्यावाचून पर्याय राहत नाही.

कॉक नीट उघडतो-मिटतो आणि गळत नाही, तर तो काढूच नका. बेसिन बदलायला कॉक बदलावा लागतोच असं नाही. काढायचाच असेल तर आधी गच्चीवरचा तुमच्या बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून बाथरूममधला सगळ्यात खालचा नळ उघडा ठेवा. लाइन पूर्ण रिकामी होऊ द्या. सांध्यावर गंज सोडवणारं तेल मारून काही वेळ थांबा. मग कॉक आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवायचा, गंजाची पकड तिथे मोडते, आणि त्यानंतर उलटा. झटके द्यायचे नाहीत, पाना एकसारख्या जोराने फिरवायचा.

टाइलवर टाइल चढल्यामुळे एल्बो आत गेला आहे. अशा ठिकाणी नव्या कॉकचे आटे एल्बोत दोन-तीनच फेरे बसतात आणि चकती भिंतीला अडते. त्यासाठी पितळी एक्स्टेन्शन निपल मिळतं, अर्धा इंची आट्याचं, लांबी 1 इंच, दीड इंच, 2 इंच अशी. जुना कॉक काढल्यावर एल्बोच्या तोंडापासून टाइलच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर काडीने मोजा आणि त्या मापाचं आणा. पूर्ण पितळेचंच घ्या. जस्ताच्या मिश्रधातूचं घेतलं तर क्षाराच्या पाण्यात दोन-चार वर्षांत त्याचे आटे भुगा होतात.

मिलिंद_प

वरच्या प्रतिसादात आट्यांवर काय गुंडाळायचं ते राहिलं. जीआय एल्बो आणि पितळी कॉक या जोडीला ताग आणि सफेदा (सांध्याला लावायची पांढरी पेस्ट) चालतो, टेफ्लॉनही चालतं. मात्र सीपीव्हीसी (गरम-गार पाण्याचा प्लास्टिक पाइप) लाइन असलेल्यांनी ताग वापरू नये. ताग पाण्याने फुगतो आणि प्लास्टिकचा सांधा आतून ताणतो. तेलकट पेस्टही सीपीव्हीसीला लावायची नाही, त्याने पाइपला तडे जातात.

टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, थोडी ओढ देत गुंडाळायचं. आपल्याकडच्या पातळ टेपचे दहा-बारा फेरे लागतात. उलट दिशेने गुंडाळली तर कॉक फिरवताना टेप बाहेर सरकून गोळा होते. आणि कॉक सरळ रेषेपेक्षा पुढे गेला म्हणून मागे फिरवायचा नाही. मागे घेतला की टेपमध्ये वाट तयार होते आणि पाझर सुरू होतो. पुढे पूर्ण फेरा घेता येत नसेल तर काढून नव्याने टेप लावायची.

कनेक्शन पाइपच्या चाकीला (नटला) मात्र टेप अजिबात नको. तिथे आत रबरी वायसर (वॉशर) असतो आणि तोच पाणी अडवतो. टेप लावल्याने चाकी घट्ट झाल्याचा भास होतो, वायसर दबतच नाही. हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा. त्याहून जास्त आवळलं तर वायसर कापला जातो.

अनघा_ठाणे

खूप उपयोगी. मापं घेतली: बोल्टांचं अंतर 28 सेंमी, अँगल कॉक जमिनीपासून 56 सेंमी, कॉकचं तोंड नळाच्या शेपटीपासून साधारण 20 सेंमी. भिंत बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या मधली, चार इंची विटेची. बोल्टांची जुनी भोकं थोडी ढिली वाटतात. बेसिन हाताने दाबलं की किंचित हलतं.

ओळंबा

मग भोकांचं काम नीट करून घ्या, बेसिनची खरी भिस्त त्यावर आहे. बेसिनचं स्वतःचं वजन दहा-पंधरा किलो असतं, पण माणूस त्यावर हात टेकून वाकतो तेव्हा बोल्टवर त्याच्या कितीतरी पट ओढ येते. चिरा बहुधा त्यामुळेच जातात, किंवा नळाची चाकी नको तितकी आवळल्यामुळे. तुमची चीर नळाच्या भोकातून निघाली आहे, म्हणजे दुसरं कारण जास्त संभवतं.

उंची ठरवताना बेसिनची वरची कड तयार फरशीपासून 80 ते 85 सेंमी. हे माप भिंतीवर खुणेने काढायचं, पण भोक तिथे नसतं. बेसिन उलटं ठेवून वरच्या कडेपासून बोल्टच्या भोकापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते 13 सेंमी आलं आणि कड 82 वर हवी, तर भोकांची रेषा 69 वर. ती रेषा पाणसळ लावून आडवी मारायची. टाइलच्या सांध्यावर विसंबायचं नाही, टाइल्स लावतानाच त्या तिरप्या गेलेल्या असू शकतात.

भोक पाडण्याआधी भिंतीतला पाइप कुठून येतो याचा विचार करा. जीआयची लाइन कॉकच्या वरून सरळ उभी येत असेल तर कॉकच्या बरोबर वरच्या पट्ट्यात ड्रिल घालायचं नाही. तुमचा कॉक 56 वर आहे, भोकं 69 वर येणार. कॉक मध्यरेषेपासून किती बाजूला आहे तेही मोजा. तो 14 सेंमीच्या आसपास असेल तर बोल्ट नेमका पाइपावर येतो.

टाइलवर हातोडी (ड्रिलचा ठोके देणारा हॅमर मोड) चालू असलेलं ड्रिल कधीच लावायचं नाही. खुणेवर चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही. भाल्याच्या टोकासारख्या टाइलच्या बिटाने, हातोडी बंद ठेवून, दोन्ही थरांच्या टाइल्स पार करा. विटेची लाल भुकटी दिसली की बिट बदलून हातोडी सुरू करा. चार इंची भिंत आहे, तेव्हा खोलीची खूण बिटावर टेपने करून ठेवा, नाहीतर स्वयंपाकघरातली टाइल आतून उडते. गुटका दोन टाइल्सच्या जाडीत नाही तर विटेत बसला पाहिजे. टाइलच्या पातळीला आला तर बोल्ट आवळताना तो फुलतो आणि टाइल तडकते. थोडा आत ठोका.

रानवारा_नाशिक

जुनी भोकं ढिली असतील तर त्यात लाकडाची खुंटी किंवा नुसतं सिमेंट भरून तोच बोल्ट परत बसवतात, ते टिकत नाही. ओल्या भिंतीत लाकूड कुजतं. सोपा मार्ग म्हणजे वेगळ्या अंतराचं बेसिन घेऊन नवी भोकं पाडणं. दुसरा, भोकातली भुकटी पंपाने उडवून केमिकल अँकरचा राळेसारखा मसाला भरून त्यात आट्याचा रॉड बसवणं. भोकात धूळ राहिली तर मसाला विटेऐवजी धुळीला चिकटतो, म्हणून ती साफ करण्यात कंजुषी नको.

नव्या इमारतींमध्ये सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या एएसी विटांच्या भिंती असतात. तिथे साधा नायलॉन गुटका वळवला की नुसता फिरतो. अशा भिंतीला केमिकल अँकर, किंवा भिंत आरपार भेदून पलीकडे पट्टी लावलेला बोल्ट, किंवा मग वजन जमिनीवर घेणारं पूर्ण पेडेस्टल. पूर्ण पेडेस्टल असलं तरी भिंतीचे बोल्ट लागतातच. पेडेस्टल बेसिनला पुढे कलण्यापासून रोखत नाही.

जुई_गोवा

मला वेस्ट कपलिंगबद्दल (बेसिनच्या तळाच्या भोकात बसणाऱ्या सांडपाण्याच्या जोडणीबद्दल) सविस्तर लिहायचं आहे, कारण नव्या बेसिनखाली दोन-तीन महिन्यांत जी ओल दिसते ती बहुतेक वेळा तिथलीच असते.

आधी बेसिनच्या आत, पुढच्या किंवा मागच्या भिंतीला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक आहे का पाहा. आहे तर कपलिंगच्या नळीला बाजूने खाच असलेलंच घ्यायचं. ओव्हरफ्लोतून आलेलं पाणी बेसिनच्या सिरॅमिकच्या दोन थरांमधून खाली येतं आणि त्या खाचेतून कपलिंगमध्ये शिरतं. खाच नसेल तर ते पाणी तिथेच साठतं, कुबट वास येतो, आणि बेसिन भरलं तर ते काठावरून सांडणारच. उलट, ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला खाचेचं कपलिंग लावलं तर पाणी खाचेतून बाहेर येऊन आट्यांवरून खाली ठिबकतं. दुकानात हाफ थ्रेड की फुल थ्रेड असं विचारतात, त्या नावांवर जाऊ नका, वस्तू हातात घेऊन खाच बघा. साइझ 32 मिमी.

बसवायचा क्रम असा. वरच्या चकतीखाली न्यूट्रल सिलिकॉनची एकसंध बारीक वळी, मग कपलिंग वरून घालायचं. खालून आधी जाड रबरी वायसर, त्याच्याखाली पातळ प्लास्टिकची चकती, मग चाकी. प्लास्टिकची चकती लोक फेकून देतात. ती नसेल तर चाकी फिरताना रबर तिच्याबरोबर पिळतं आणि एका बाजूला सुरकुती पडते.

आता खाचेच्या कपलिंगमधली खरी गोम. खाचेपर्यंत आलेलं पाणी आट्यांच्या चक्राकार वाटेने रबराच्या मधून खाली उतरतं. रबर बेसिनच्या खालच्या पृष्ठभागाला कितीही घट्ट दाबलं तरी आट्यांमधली वाट उघडीच असते. म्हणून रबर जिथे येणार त्या पट्ट्यात आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळायचं किंवा सिलिकॉन भरायचं, आणि मग रबर त्यावर चढवायचं. चाकी जास्त आवळून ही गळती थांबत नाही, बेसिनला चीर मात्र जाते.

तपासायचं असं: बेसिनचं तोंड बंद करून ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत पाणी भरा, ते भोकातून वाहू द्या. कोरडा कागदी रुमाल कपलिंगच्या चाकीभोवती फिरवा. नुसता नळ सोडून तपासलं तर ही गळती दिसत नाही.

मिलिंद_प

+१. यात एक भर: रॅग बोल्टची (बेसिन भिंतीला धरणाऱ्या बोल्टची) चाकी आणि बेसिन यांच्यामध्येही नायलॉनचा वायसर हवाच. सिरॅमिकला धातूचा थेट स्पर्श कुठेच नको.

आणि बॉटल ट्रॅपचा (बेसिनखालच्या, वास अडवायला पाणी साठवणाऱ्या बाटलीसारख्या भागाचा) प्रश्न अनघाताईंच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. सांडपाणी नहाणी ट्रॅपमध्ये जातं, त्या ट्रॅपला स्वतःचा पाण्याचा अडसर आहे. मग बेसिनखाली बॉटल ट्रॅप लावायची गरज आहे का? माझं मत, नाही. एका ओळीत दोन ट्रॅप आले की मधली हवा अडकते आणि पाणी गुडगुड करत सावकाश जातं.

जुई_गोवा

मिलिंद, हे बंद पाइपाला लागू पडतं. अनघाताईंचा पाइप जाळीतून नहाणी ट्रॅपमध्ये मोकळा सुटतो. मधली हवा जाळीतून बाहेर जाते, अडकायचा प्रश्न नाही. बॉटल ट्रॅप नसेल तर त्या पन्हळीच्या पाइपात साबण, दात घासल्याचा फेस आणि केसांचा जो थर साठतो त्याचाच वास बेसिनच्या तोंडातून येतो, नहाणी ट्रॅप कितीही स्वच्छ असला तरी. झुरळंही त्याच पाइपाने वर चढतात. शिवाय अंगठी, कानातल्याची मळसूत्राची फिरकी असं काही पडलं तर बॉटल ट्रॅपचा खालचा कप हाताने उघडून मिळतं.

मिलिंद_प

मोकळ्या पाइपाबाबत तुमचं बरोबर आहे. तिथे लावायला हरकत नाही. भिंतीत 40 मिमीचा पाइप गाडून तो नहाणी ट्रॅपच्या पोटात बाजूने जोडलेला असेल तरी ट्रॅपला जाळी आहे तोवर हवा सुटते. माझा आक्षेप बेसिनखाली बॉटल ट्रॅप आणि त्याच्या पुढे पन्हळीच्या पाइपाला पडलेली खोलगट झोळी, या दोघांना. झोळीत साठलेलं पाणी हा तिसरा ट्रॅपच होतो. म्हणून पन्हळीचा पाइप वापरायचाच तर तो कापून नेमक्या लांबीचा करा. शक्य असेल तर 32 मिमीचा सरळ पीव्हीसी पाइप आणि एल्बो. आतून गुळगुळीत असल्याने त्याला साबणाचा थर कमी धरतो.

भिंतीत तोंड असलेल्यांनी एक बघावं. बॉटल ट्रॅपचा आडवा दांडा भिंतीकडे जाताना किंचित उतरता हवा. भिंतीतलं तोंड ट्रॅपच्या तोंडापेक्षा वर असेल तर पाणी दांड्यात उभं राहतं. तेवढ्यासाठी ट्रॅपची उभी नळी वर-खाली सरकणारी असते. कापायची वेळ आली तर आधी कोरडी जुळणी करून खूण करा.

अनघा_ठाणे

बॉटल ट्रॅप लावायचा ठरवते. आता कमोडकडे वळूया का? टाकीचं झाकण उचलून पाहिलं. डावीकडे उभी प्लास्टिकची नळी, तिच्यावर सरकणारा डबा. मधोमध मोठा दंडगोल, त्याच्या वर बटणांच्या दोन काड्या टेकतात. पाणी दंडगोलाच्या उघड्या नळीच्या बरंच खाली आहे, म्हणजे वरून सांडत नाही.

ओळंबा

तुम्ही निम्मं निदान करूनच ठेवलंत. डावीकडचा भाग म्हणजे इनलेट किंवा फिल व्हॉल्व्ह, टाकी भरणारा. सरकणारा डबा हा फ्लोट. पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि पाणी बंद करतो. जुन्या टाक्यांमध्ये याच कामाला लांब दांडीचा बॉल कॉक असे. मधला दंडगोल फ्लश व्हॉल्व्ह. त्याच्या तळाला रबराचा किंवा सिलिकॉनचा गोल वायसर आहे आणि तो टाकीच्या तळाच्या गोल बैठकीवर बसतो. दंडगोलातली उभी पोकळ नळी ओव्हरफ्लोची. टाकी जास्त भरली तर पाणी बाहेर न सांडता भांड्यात जावं म्हणून.

भांड्यात सतत पाणी येण्याची मुख्य कारणं दोन. एक, इनलेट बंद होत नाही आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जातं. दोन, तळाचा वायसर धरत नाही. खात्री करायची असेल तर टाकीतल्या पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण करा, अँगल कॉक बंद करा आणि अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. पातळी उतरली तर वायसर. जागच्या जागी राहिली तर इनलेट. ठराविक जागी येऊन थांबली तर त्या उंचीवर ओव्हरफ्लोच्या नळीला किंवा तिच्या सांध्याला चीर आहे. शाईचे चार-सहा थेंब टाकीत टाकले तर भांड्यात उतरणारा रंगही दिसतो.

बारीक धार म्हणून सोडून देऊ नका. टाकीचा आतला तळ 40 बाय 15 सेंमी धरला आणि अर्ध्या तासात पातळी 1 सेंमी उतरली तर 600 मिलिलिटर गेले. दिवसाला जवळपास 29 लिटर.

सोलापुरी_पाणी

वायसर असेल तर तो घरी बदलता येतो, त्यासाठी टाकी भांड्यावरून उतरवावी लागत नाही. अँगल कॉक बंद, फ्लश करून टाकी रिकामी, उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. बऱ्याच ड्युअल फ्लश व्हॉल्व्हचा दंडगोल डावीकडे पाव फेरा फिरवला की तळाच्या बैठकीतून सुटून वर येतो. जोर लावावा लागला तर थांबा आणि खाली कुठे खटका आहे ते बघा, काही मॉडेलमध्ये दोन्ही बाजूंचे कान दाबावे लागतात.

वायसर काढून त्याची खालची बाजू बोटाने चाचपा. क्षाराचे खडे लागले असतील आणि रबर मऊ असेल तर धुऊन उलट बाजूने बसवल्यावरही पुष्कळदा काम भागतं. रबर कडक झालं असेल, फुगलं असेल किंवा बोटाला काळं लागत असेल तर नवाच. जुना वायसर हातात घेऊन दुकानात जा आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी तिन्ही जुळवा. नवा बसवण्याआधी टाकीतली बैठकही बोट फिरवून तपासा. तिथे क्षाराची कड राहिली तर नवा वायसरही गळणार.

क्षारासाठी लिंबूसत्वाचं पाणी किंवा सिरका वापरा, भाग त्यात काही तास भिजत ठेवा. बाथरूमचं अ‍ॅसिड टाकीत घालू नका. रबर आणि धातूचे बोल्ट दोन्ही खराब होतात, बेसिनच्या नळाचं क्रोमही उडतं. आणि ब्लीच किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि अ‍ॅसिड एकत्र कधीच येऊ देऊ नका. क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

बोअरच्या पाण्यावर असलेल्यांनी इनलेटच्या तोंडाशी असलेली बारीक जाळीही काढून धुवावी. टाकी भरायला फार वेळ लागतो तेव्हा निम्म्या वेळा तीच चोंदलेली असते.

रानवारा_नाशिक

अख्खा संच बदलायची वेळ आली तर दोन गोष्टी बघून घ्या. इनलेट बाजूने शिरतो की तळातून, आणि टाकीच्या आतली उंची. ओव्हरफ्लोची नळी झाकणाला लागता कामा नये आणि पाण्याची पातळी तिच्या तोंडापासून 2 ते 2.5 सेंमी खाली राहिली पाहिजे. टाकीच्या आत पातळीची रेघ असेल तर तीच प्रमाण. फ्लोट वर-खाली करायला बाजूला स्क्रू किंवा सरकती पकड असते.

काही जण पाणी वाचवायला टाकीत बाटली किंवा वीट ठेवतात. वीट विरघळून तिची रेती वायसरखाली जाते, आणि कमी पाण्याने भांडं साफ होत नाही म्हणून दोनदा फ्लश करावं लागतं. याच कारणाने 10 लिटरच्या जुन्या भांड्यावर नवी 3/6 लिटरची (लहान फ्लशला 3, मोठ्याला 6) टाकी बसवू नये. भांड्याची आतली वळणवाट जेवढ्या पाण्यासाठी घडवली आहे तेवढं पाणी एका दमात मिळालं तरच मैला पुढे ढकलला जातो. टाकी आणि भांडं एकाच जोडीचं घ्यायचं.

अनघा_ठाणे

रंग उतरला, म्हणजे वायसरच. तो बदलते. पुढे कधी कमोडच बदलायचं झालं तर पी ट्रॅप, एस ट्रॅप वगैरे कसं ओळखायचं? आणि टाकी-भांड्याच्या सांध्यातही किंचित ओल वाटते.

ओळंबा

ओल आधी. टाकी आणि भांडं यांच्यामध्ये जाड रबरी कडं असतं आणि दोन किंवा तीन बोल्ट. सगळं कोरडं पुसून बोल्टांखाली आणि सांध्याखाली वेगवेगळे कागदी रुमाल ठेवा. फ्लश न करताही बोल्टखालचा रुमाल भिजला तर टाकीच्या आतला बोल्टचा वायसर गेला. फक्त फ्लश केल्यावर मधला भिजला तर कडं. सगळे बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळायचे. एकच बाजू आवळली तर टाकी तिरपी होऊन तळाला तडा जातो.

आता ट्रॅप. भांड्याचं तोंड मागे भिंतीकडे आडवं गेलं तर पी, खाली जमिनीत गेलं तर एस. एसमध्ये महत्त्वाचं माप म्हणजे तयार भिंतीच्या टाइलपासून जमिनीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर. बाजारात 100, 220 किंवा 225 आणि 300 मिमी अशी भांडी मिळतात. टाइलवर टाइल चढवली की हे अंतर एक-दीड सेंमीने कमी होतं, तुमच्याकडे ते झालेलं आहे, म्हणून जुन्या बिलावरचं माप धरू नका. पीमध्ये जमिनीपासून तोंडाच्या मध्याची उंची मोजायची. भिंतीला टांगलेल्या कमोडला बोल्टांमधलं अंतर 180 की 230 मिमी ते बघायचं.

जोडायला 110 मिमीच्या पाइपासाठी रबरी पाकळ्यांचा पॅन कनेक्टर मिळतो, तोच वापरा. सिमेंटने जाम केलेला सांधा भांडं किंचित हललं तरी चिरतो, आणि पुढे भांडं काढायचं म्हटलं की फोडावंच लागतं.

जुई_गोवा

वासाबद्दल एक लिहून ठेवते, कारण नवा कमोड बसल्यावर वास आला की सगळे भांड्याला दोष देतात. भांड्यातलं उभं पाणी हाच मैल्याच्या पाइपातल्या हवेला अडसर, त्याची खोली साधारण 50 मिमी असते. वरच्या मजल्यावर फ्लश झाल्यावर तुमच्या भांड्यातलं पाणी गुडगुडून खाली जात असेल तर गच्चीवर उभ्या पाइपाचं तोंड बघायला सांगा. तिथली जाळीची टोपी उडालेली असते आणि आत पक्ष्यांनी काड्या भरलेल्या असतात. हवा वरून मिळत नाही म्हणून पाइप ती तुमच्या भांड्यातून ओढतो. हे काम सोसायटीचं आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची गळती-दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, घरातल्या जोडण्यांची सभासदाच्या.

आठवडाभर बंद राहिलेल्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटूनही वास येतो. बादलीभर पाणी ओतलं की भागतं.

अनघा_ठाणे

शेवटचा प्रश्न. बेसिन आणि भिंतीमधली फट व्हाइट सिमेंटने भरायची की सिलिकॉनने, आणि कधी?

मिलिंद_प

सिलिकॉन, बुरशीरोधक. व्हाइट सिमेंट सुकताना आकसतं, बेसिनवर रोज हात टेकला की त्याला बारीक भेग पडते आणि पाणी आत शिरून बोल्ट गंजतात.

पण ते सर्वात शेवटी. आधी कनेक्शन पाइप जोडण्यापूर्वी अँगल कॉक क्षणभर बादलीत सोडा, जुन्या लाइनमधला गंज आणि टेपचे तुकडे निघून जातात. नाहीतर ते थेट नव्या नळाच्या जाळीत जातात. नळ बसवताना बेसिनच्या वरच्या बाजूला रबर, खाली चाकी हाताने घट्ट आणि थोडासाच पाना. मग जुईताईंनी सांगितलेली ओव्हरफ्लोपर्यंत पाणी भरायची चाचणी. कॉक, पाइपची दोन टोकं, कपलिंग, बॉटल ट्रॅपच्या चाक्या या प्रत्येक सांध्याला कोरडा कागद. एक रात्र लाइन चालू ठेवून सकाळी पुन्हा कागद फिरवा, कारण रात्री वापर थांबल्यावर लाइनचा दाब वाढतो आणि दिवसा न दिसलेला पाझर तेव्हा दिसतो.

सगळं कोरडं निघालं की टाइल आणि बेसिनची कड स्पिरिटने पुसून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या फटीत सिलिकॉन भरा. खालची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे पुढे कधी आत पाणी गेलंच तर ते खालून दिसेल. सिलिकॉन ओलं असतानाच पट्टी ओढून काढा आणि 24 तास बेसिन वापरू नका.